थांबायला शिकलेले यंत्र

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यात दोन-तीन पिढ्या मागे गेले की कोठेतरी माग सापडतो. १८५७ च्या उठावानंतर आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागांतून जी मोमीन विणकरांची कुटुंबे पोटासाठी निघाली, त्यांतील कित्येक मालेगावला थांबली, कित्येक भिवंडीला उतरली. येताना त्यांनी बरोबर आणले ते मुख्यतः हातातले कसब. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, बोलीत त्यांना ‘साचे’ म्हणू लागले आणि गल्लोगल्ली त्यांचा खडखडाट सुरू झाला. यंत्र आले म्हणजे हाताचे कष्ट संपले, असे बाहेरच्याला वाटते. साच्यापाशी उभे राहून पाहिले म्हणजे खरा प्रकार कळतो.

धोट्यातल्या कांडीचे सूत संपले की साचा थांबवायचा, धोटा बाहेर काढायचा, रिकामी कांडी टाकून भरलेली बसवायची, सुताचे टोक धोट्याच्या भोकातून ओढून घ्यायचे, धोटा जागेवर ठेवायचा आणि साचा पुन्हा चालू करायचा. तोवर शेजारच्या साच्याची कांडी संपत आलेली असते. चार-सहा साचे, बारा तासांची पाळी आणि तीच एक हालचाल शेकडो वेळा. यात फार ताकद लागते असे नाही, आणि डोकेही फार लागते असे नाही. लागते ती त्याच बोटांची, त्याच मनगटाची, त्याच खांद्याची अखंड हजेरी. प्रस्तुत लेखात मला इतिहास सांगावयाचा आहे तो या हजेरीचा आणि ती सुटावी म्हणून माणसाने केलेल्या खटपटीचा. अलीकडे कारखान्यांत ज्यांना ‘कोबॉट’ किंवा सहकारी यंत्रमानव म्हणतात, ते या खटपटीतील ताजे प्रकरण आहे. (सहकारी म्हटले की आपल्याला साखर कारखाना आठवतो. येथे अर्थ एवढाच, की माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारा.)

पुनःपुन्हा केलेली तीच ती हालचाल शरीराला खाते, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात प्रथम नीट नोंदवली ती इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने. कामगारांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध झाला आणि १७१३ साली त्याची वाढीव आवृत्ती निघाली. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा प्रश्न घातला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांचे दुखणे वर्णिले आहे. त्याच्या ओळखीचा एक लेखनिक जन्मभर कागदपत्रे लिहून पोट भरत असे. प्रथम त्याचा उजवा हात जड वाटू लागला, उपचार चालले नाहीत, शेवटी हात कामातूनच गेला. त्या बिचाऱ्याने खटपट करून डाव्या हाताने लिहिण्याची सवय केली आणि थोड्याच काळात डाव्या हाताचीही तीच गत झाली. लेखणीचे वजन ते किती! पण मारले ते वजनाने नव्हते. आपल्या मोहल्ल्यात एखादा म्हातारा विणकर पाण्याचा पेला उचलताना दुसऱ्या हाताचा आधार घेतो, ते आपण वयाच्या खात्यावर टाकतो. रामाझ्झिनीने ते धंद्याच्या खात्यावर टाकले असते.

आता, यंत्रमानवाचा इतिहास आपल्या सभा-संमेलनांतून सांगितला जातो तेव्हा वक्ते हटकून अल्-जझारीपासून सुरुवात करतात. मीही त्याला टाळणार नाही, कारण माणूस खरोखर मोठा होता. दियारबकरच्या उर्तुकी दरबारातील हा यंत्रकार, आणि त्याचा ग्रंथ १२०६ साली पुरा झाला. सुमारे पन्नास यंत्रे त्यात आकृत्यांसह, आणि कारागिराला प्रत्यक्ष बनवता यावीत इतक्या तपशिलाने वर्णिली आहेत. त्याच्याही साडेतीन शतके आधी बगदादमध्ये बनू मूसा बंधूंनी अशाच करामतींचा ग्रंथ लिहिला होता. अल्-जझारीच्या राजाला वजूच्या वेळी नोकराने किंवा दासीने हातावर पाणी घातलेले आवडत नसे. म्हणून त्याने यंत्रकाराला सांगितले, की हे काम करणारे एखादे साधन बनव. ग्रंथात हात धुण्याची अशी अनेक साधने आहेत. एकात मोराच्या चोचीतून पाणी येते. वापरलेले पाणी खालच्या पोकळ बैठकीत साचत जाते, त्याबरोबर आतला तरंगता गोळा वर चढतो आणि त्याला जोडलेल्या दांड्यांमुळे दार उघडून एक पुतळा साबण घेऊन पुढे येतो. पाणी आणखी चढले की दुसरा गोळा दुसऱ्या पुतळ्याला पंचा घेऊन पाठवतो.

अद्‌भुत आहे, यात शंका नाही. तरी मनाशी खरे बोलावे. मोराच्या या पाण्याने राजाचे हात धुतले गेले. त्या काळच्या दियारबकरमध्ये जो कोणी दिवसभर धोटा फेकत होता, त्याच्या हाताला त्याने काही आराम पडला नाही. त्याच ग्रंथात विहिरीतून आणि नदीतून पाणी उपसण्याची यंत्रे आहेत. त्यांतील एक, दोन नळकांड्यांचा पंप, नदीच्या प्रवाहावरच चालवण्याची योजना होती. माझ्या मते अल्-जझारीचे खरे थोरपण मोरात नाही, या पंपात आहे. पण आपले वक्ते मोराविषयीच बोलतात. शिवाय ‘आमच्या पूर्वजांनी सर्व आधीच शोधले होते’ असे म्हणून टाळ्या घेतल्या की पुढचे वाचायचे आपोआप राहून जाते. असो.

पुढचे वाचायचे ते जपानात. १८६७ साली एका खेड्यातल्या सुताराच्या घरी साकिची तोयोदा जन्मला. त्याची आई व गावातल्या बायका मागावर राबत, ते पाहत तो मोठा झाला आणि मागाच्या सुधारणेचे त्याला वेडच लागले. १८९० च्या सुमारास त्याने पहिला लाकडी हातमाग सुधारला आणि १९२४ साली त्याचा स्वयंचलित माग सिद्ध झाला. या मागात दोन गोष्टी होत्या. सूत संपण्याच्या बेताला आले की माग न थांबता नवा धोटा आपोआप आत येई, म्हणजे वर वर्णिलेली ती सारी हजेरी सुटली. आणि दुसरी, माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची, ताण्याचा वा बाण्याचा एखादा धागा तुटला की माग आपण होऊन थांबे. धागा तुटल्यावरही जो माग चालत राहतो त्याच्यावर सतत डोळा ठेवावा लागतो. जो थांबतो त्याच्याकडे तो बोलावील तेव्हाच जायचे. एक कामगार तीसच्या आसपास माग सांभाळू लागला. १९२९ साली लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या विख्यात पेढीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. जगाला माग पुरवणाऱ्या इंग्लंडने जपानकडून मागाची विद्या विकत घ्यावी, हा काळाचा महिमा! तो पैसा साकिचीच्या मुलाने मोटार बनवण्याच्या प्रयोगात घातला. टोयोटा या नावाचे मूळ हे असे मागापाशी आहे.

योगायोग असा, की त्याच १९२४ साली गांधीजींना कोणी विचारले, आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद सांगितला. बायको टाके घालून घालून दमते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र काढले, असा त्यांचा समज होता. इतिहासातला सिंगर इतका प्रेमळ गृहस्थ नव्हता, पक्का व्यापारी होता. गांधीजींची गोष्ट तोयोदाला अधिक शोभली असती. आणि शिवणयंत्राच्या जन्मकथेत दुसरीही एक बाजू आहे. तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने १८३० साली असे यंत्र केले. त्याच्या ऐंशी यंत्रांचा पॅरिसमधला कारखाना पोट जाईल या भीतीने दुसऱ्या शिंप्यांनीच फोडून टाकला. त्या शिंप्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. साच्यावर पोट असणाऱ्याने तरी ते म्हणू नये.

कित्येकांच्या जागी एकच कामगार पुरला, तर उरलेल्यांचे काय, हा प्रश्न येथपासूनच या इतिहासाच्या मागे लागलेला आहे आणि तो अजून सुटलेला नाही. यंत्रामुळे कष्ट हलके होतात हे खरे. ते ज्याचे हलके व्हायचे त्याचेच होतात की भलत्याचे, हे यंत्र ठरवीत नाही.

१९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी-पट्टी सुरू केली. गाडीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. कामगाराने जागेवरून हलायचे नाही, गाडी त्याच्यासमोरून सरकत जाणार आणि त्याने त्याचा एकच बोल्ट आवळायचा. हे काम लोकांना इतके असह्य झाले की वर्षभरात कामगारांच्या जागा सरासरी साडेतीन वेळांहून अधिक भराव्या लागल्या. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर देऊ केले, त्यात त्याच्या उदारपणाइतकाच या गळतीचाही वाटा होता. चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ १९३६ चा. त्यातला नायक पट्टीपासून दूर झाल्यावरही हवेत पाने फिरवीत राहतो, ते पाहून आपण हसलो आहोत. रामाझ्झिनी हसला नसता.

‘रोबोट’ हा शब्दही याच काळातला. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. त्यात कारखान्यात बनवलेले कृत्रिम कामकरी आहेत. त्यांना काय म्हणावे हे त्याला सुचेना, तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योझेफ याने ‘रोबोट’ सुचवले. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट करावयाचे सक्तीचे काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: वेठ. तेव्हा रोबोटचे खरे मराठी भाषांतर यंत्रमानव नसून वेठबिगार असे व्हायला हवे होते.

हा यंत्राचा वेठबिगार नाटकातून कारखान्यात आला १९६१ मध्ये. जॉर्ज डेव्हॉल या संशोधकाने १९५४ साली एका यांत्रिक हाताच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. दोन वर्षांनी एका मेजवानीत त्याची जोसेफ एंगेलबर्गर या अभियंत्याशी गाठ पडली आणि दोघांनी मिळून ‘युनिमेट’ उभा केला. न्यू जर्सीतील ट्रेंटनजवळच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो बसला. वजन सुमारे अठराशे किलो. काम साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाहेर ठेवण्याचे. वाफा, चटके आणि ओझे यांचे ते काम सोडताना कोणालाच दुःख झाले नसेल. यंत्रमानवाची बाजू मांडणाऱ्याला याहून चांगला दाखला मिळणार नाही.

पण आणखी दहा वर्षांनी काय झाले तेही पाहा. ओहायो राज्यातील लॉर्ड्सटाउन येथे त्याच कंपनीने गाड्यांचे सांगाडे जोडण्यासाठी युनिमेटची रांगच उभी केली. तासाला शंभर गाड्या, म्हणजे दर छत्तीस सेकंदांना एक. यंत्रमानव डाग देण्याचे काम न दमता करीत होते. ती चाल मात्र पट्टीवरच्या प्रत्येक माणसाला लागू झाली. पूर्वी मिनिटभर मिळत असे ते काम आता छत्तीस सेकंदांत. मार्च १९७२ मध्ये तेथे संप झाला आणि त्याची चर्चा देशभर झाली. संप पगारासाठी नव्हता, कामाच्या चालीविरुद्ध होता. यंत्राने एका हाताचे काम घेतले आणि शेजारच्या दहा हातांची गती वाढवली, हा प्रकार यंत्राच्या जाहिरातीत कधी नसतो.

आणि मग २५ जानेवारी १९७९. मिशिगन राज्यात फ्लॅट रॉक येथे फोर्ड कंपनीच्या ओतकाम-कारखान्यात एक यांत्रिक साठवण-व्यवस्था होती. मांडण्यांतून भाग काढून आणण्याचे काम तिचे यंत्र करी. ते मागे पडले म्हणून पंचवीस वर्षांचा एक कामगार भाग हाताने काढायला मांडणीत चढला. यंत्राचा हात मागून आला आणि त्याच्या डोक्यावर आदळला. तो जागीच गेला. त्याचा देह तेथे पडून असता यंत्र सुमारे अर्धा तास आपले काम करीत राहिले. कारण त्याला माहीतच नव्हते. यंत्रमानवाच्या हातून माणूस मेल्याची ही पहिली नोंद. १९८३ साली न्यायालयाने यंत्र बनवणाऱ्या कंपनीला त्याच्या कुटुंबाला एक कोटी डॉलर देण्यास सांगितले. वाचकहो, तोयोदाचा माग एक धागा तुटला तरी थांबत असे. पंचावन्न वर्षांनंतरच्या या यंत्राला माणूस तुटल्याचेही कळले नाही.

उपाय जो झाला तो पिंजऱ्याचा. यंत्रमानवाभोवती जाळी, जाळीला दार, दार उघडले की वीज बंद. माणूस बाहेर, यंत्र आत. हा उपाय योग्यच होता, पण त्यामुळे एक अडचण कायम झाली. कारखान्यातील पुष्कळशी कामे अशी, की त्यांत थोडे ओझे असते आणि थोडी अक्कल. मोटारीचे दार बसवायचे तर ते जड असते म्हणून पाठ धरते, पण फटीत नेमके बसते की नाही हे बोटांनाच कळते. असे काम ना पूर्ण यंत्राचे, ना पूर्ण माणसाचे. पिंजऱ्याने त्यांची वाटणी अशक्य केली.

१९९४-९५ च्या सुमारास जनरल मोटर्समध्येच प्रसाद अकेल्ला या भारतीय वंशाच्या अभियंत्याच्या पुढाकाराने यावर विचार सुरू झाला. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन या दोघा प्राध्यापकांनी १९९६ साली जे उत्तर मांडले, ते ऐकून प्रथम हसू येते. त्यांच्या यंत्राला ढकलण्याची शक्तीच नव्हती! जोर माणसाचा. यंत्राकडे फक्त चाके आणि ती चाके कोणत्या दिशेला वळावीत हे ठरवणारा संगणक. आपल्याला यासाठी दूर जायला नको. बैलगाडीची चाकोरी आठवा. ओढतात बैल. पण चाक एकदा चाकोरीत पडले की गाडी आपोआप वाटेने जाते, ओढ्यात जात नाही. या यंत्रात चाकोरी संगणकाने आखलेली, न दिसणारी. कामगाराने दार धरून ढकलावे, गाडीच्या अंगावर ते आदळेल अशा दिशेला ते जातच नाही. योग्य दिशेला मात्र हलके सरकते. आणि शक्तीच नसल्यामुळे ते कोणाला मारणार कसे? या यंत्राचे नाव शोधण्यासाठी प्रयोगशाळेत पन्नास डॉलरचे बक्षीस लावले होते. ते ‘कोबॉट’ या नावाला मिळाले.

पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, की हाताखालच्या माणसावर त्याच्या ताकदीपलीकडचे काम लादू नये, आणि लादावेच लागले तर स्वतः हात लावावा. या शिकवणीत काम काढून घ्या असे म्हटलेले नाही, हात लावा असे म्हटले आहे. त्या दोन प्राध्यापकांना ही शिकवण ठाऊक असण्याचे कारण नाही. पण यंत्राने काम घेऊन माणसाला घरी बसवण्यापेक्षा यंत्राने माणसाला हात लावावा, हा विचार कारखान्याच्या इतिहासात तेव्हा नवा होता.

आज बाजारात जे कोबॉट दिसतात ते या मूळ कल्पनेपासून बरेच दूर आले आहेत. त्यांना स्वतःची शक्ती असते. हा दुसरा टप्पा डेन्मार्कमधला. २००५ साली ओडेन्स शहरात तिघा तरुण अभियंत्यांनी युनिव्हर्सल रोबॉट्स ही कंपनी काढली. त्यांचा पहिला यांत्रिक हात डिसेंबर २००८ मध्ये एका डॅनिश कारखान्याने घेतला. त्या हाताचे वजन सुमारे अठरा किलो, उचलण्याची शक्ती पाच किलो, पोच ८५ सेंटिमीटर. युनिमेटच्या अठराशे किलोंशी ताडून पाहा. एका माणसाने उचलून एका मेजावरून दुसऱ्यावर न्यावा असा हा हात. त्याच्या सांध्यांतील मोटरी किती वीज ओढतात यावरून त्याला अडथळा कळतो. अपेक्षेहून जास्त जोर लागू लागला, म्हणजे मध्ये काहीतरी आले आहे असे मानून तो थांबतो. तोयोदाच्या मागातील तुटलेल्या धाग्याची जागा येथे माणसाच्या कोपराने घेतली.

त्याला काम शिकवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. हाताने त्याचा हात धरून तो हवा तेथे न्यायचा, तेथे एक बटण दाबायचे, मग पुढच्या जागी न्यायचा. उस्ताद नव्या पोराचा हात धरून धोटा कसा धरावा ते दाखवतो, तसेच हे. पूर्वी यंत्रमानव शिकवायला संगणकाची भाषा जाणणारा माणूस लागे. येथे पहिली गरज काम जाणणाऱ्याची.

२०१३ साली अमेरिकेतील स्पार्टनबर्ग येथे बीएमडब्ल्यू कंपनीने असे हात माणसांच्या रांगेत उभे केले. काम मोटारीच्या दाराच्या आतल्या अंगाला पाणी व आवाज अडवणारे आवरण चिकटवण्याचे. ते हाताने रूळ फिरवून दाबून बसवावे लागे, आणि कामगार एकदोन तासांहून अधिक ते करू शकत नसत, इतका हातावर ताण येई. आवरण ठेवायचे माणसाने, दाबत नेण्याचे काम यंत्राच्या हाताचे. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत समाधान देणारे काम हेच वाटते, कारण येथे नेमके तेच काढून घेतले जे शरीराला खात होते.

पण यंत्राचा हात माणसाला लागलाच तर किती लागलेला चालेल? हा प्रश्न २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय मानकाने हाताळला. त्यासाठी जर्मनीतील माइन्झ विद्यापीठात शंभर निरोगी माणसांच्या शरीरावर २९ ठिकाणी दाब देऊन कोठे किती दाबाला वेदना सुरू होते ते मोजले गेले. त्यावरून तळहात, दंड, मांडी, पाठ यांच्या मर्यादा ठरल्या. चेहऱ्याला आणि कपाळाला स्पर्श होताच कामा नये असे ठरले. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे, कारण विकणारे तो करीत नाहीत. हात सुरक्षित असला तरी त्या हातात सुरी दिली तर सारेच धोक्याचे. म्हणून तपासावे लागते ते संपूर्ण काम, नुसते यंत्र तपासून भागत नाही. आणि इजा होऊ नये एवढ्या बेताने हलायचे तर हात सावकाशच हलणार. घाई असलेला मालक म्हणून पुन्हा पिंजऱ्याकडे वळतो. २०२३ मध्ये जगभर सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक यंत्रमानव बसवले गेले, त्यांत सहकारी जातीचे दहा-अकरा टक्केच होते.

हा इतिहास आपल्या दाराशीही येऊन पोहोचला आहे. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने २०१० पासून मोटरसायकलींच्या जुळणीत डॅनिश बनावटीचे हे हात घेतले. भारतात ते प्रथम तेथेच आले आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. बोल्ट ठरावीक जोराने आवळणे, चित्रपट्ट्या चिकटवणे अशी ती कामे, म्हणजे चॅप्लिनच्या हातातला पाना अखेर यंत्राच्या हातात गेला. २०२३ मध्ये भारतात सर्व जातींचे मिळून साडेआठ हजार यंत्रमानव बसले. त्यांतला फार मोठा वाटा वाहन उद्योगाचा आहे. संस्थेच्या तांत्रिक वर्गातून निघणाऱ्या मुलामुलींना उद्या चाकणला किंवा वाळूजला असा हात शेजारी मिळेल. त्यांना तो शिकवता येतो की त्याने शिकलेले काम गमावून घरी यावे लागते, यात मोठा फरक आहे. मालकाने यंत्र घेताना गणित मांडलेले असते, की इतक्या महिन्यांत इतक्या माणसांचा पगार वाचेल. मनगट वाचेल हे त्या गणितात कोठे लिहायचे, याला अजून रकाना नाही. मानकाने मनगटावर किती दाब चालेल ते सांगितले. ज्याच्या हाताने यंत्र शिकले त्या कारागिराला त्या शिकवण्याचे काय मिळावे, याविषयी त्यात ओळ नाही. ते युनियनने आणि कायद्याने पाहायचे, पण कंत्राटी कामगाराला कोठली युनियन!

आता राहता राहिली ती आपल्या साच्यांची गोष्ट. तेथे कोबॉट आलेला नाही, आणि लवकर येईल असेही मला वाटत नाही. एका हाताच्या किमतीत कित्येक जुने साचे येतात, हे एक कारण. दुसरे असे, की लोखंडाचा बोल्ट यंत्राला समजतो, सूत आणि कापड समजत नाही. जे वाकते, लोंबते, गुंतते ते धरणे यंत्राच्या हाताला अजूनही अवघड जाते. आठ वर्षांची पोर ज्या सहजतेने तुटलेल्या धाग्याला गाठ मारते, ती सहजता या हातांत नाही.

पण खरे सांगायचे तर या कामासाठी कोबॉटची वाट पाहण्याची गरजही नव्हती. अमेरिकेत नॉर्थ्रॉप नावाच्या कारागिराचा माग १८९४ पासून विकला जाऊ लागला. त्यात रिकामी कांडी आपोआप खाली पडून भरलेली बसे आणि सूत धोट्यात आपोआप ओवले जाई. त्यापूर्वी तिकडे विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासाबरोबर सूत ओढून घेत. रोग पसरतात म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली त्या रीतीवर बंदी घातली. लँकेशायरमध्ये ती त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिली, कारण जुने माग चालत होते आणि चालत्या मागावर खर्च कोण करतो? नॉर्थ्रॉपला आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. भिवंडी-मालेगावच्या साध्या साच्यांवर रात्रपाळीला उभा असलेला माणूस अजूनही साचा थांबवतो, धोटा काढतो, कांडी बदलतो, बोटाने टोक शोधतो आणि साचा पुन्हा चालू करतो.